दुरुस्त प्रत

अब्बांना ऐकू येत नाही हे आम्हाला फार उशिरा कळले. कारण ते हसायचे. जेवताना कोणी काही बोलले, बाकीचे हसले, की तेही हसायचे. विचारलेल्या प्रश्नाला 'हौ हौ' म्हणून मान डोलवायचे. एके दिवशी अम्मी गल्लीतल्या एका चाचांच्या मयतीची बातमी सांगत होती आणि अब्बा हसले. अम्मी बोलायची थांबली. त्यानंतर त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेले.

यंत्र आणले. चार दिवस लावले आणि मग ते कपाटाच्या खणात, जुन्या घड्याळाशेजारी जाऊन बसले. त्यांचे म्हणणे असे की यंत्राने आवाज मोठा होतो, बोलणे मोठे होत नाही. पंखा, भांडी, रिक्षा, सगळे एकाच जोराने कानात येते आणि माणसाचे शब्द त्यात बुडून जातात. टीव्हीचा आवाज वाढवला तर शेजारी तक्रार करायचे. मग त्यांनी आवाज बंद करून फक्त क्रिकेट बघायला सुरुवात केली. सिनेमे बंद झाले. तरुणपणी एसटीने सोलापूरला जाऊन एका दिवसात दोन खेळ बघून येणारा हा माणूस.

हे २०१६ सालचे. त्या उन्हाळ्यात मी माझ्या डीव्हीड्या लावत बसलो होतो. विकत घेतलेल्या तबकड्या कालांतराने खराब होतात, त्यांच्यावर ओरखडे येतात, म्हणून मी त्यांची एकेक प्रत संगणकात करून ठेवत होतो. त्यात 'गर्म हवा' होता. एम. एस. सथ्यूंचा १९७३ सालचा चित्रपट. इस्मत चुगताईंच्या अप्रकाशित कथेवर आधारलेला, कैफी आझमी आणि शमा झैदी यांनी लिहिलेला. अब्बांनी कव्हर हातात घेतले, बलराज साहनींच्या चेहऱ्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, "ये देख्या मैं. सोलापूर में. नौकरी लगने के पैले."

मी लगेच तबकडी लावली. खाली इंग्रजी सबटायटल्स सुरू केली. अब्बा दहा मिनिटे बसले आणि उठून नमाजला गेले. नमाजची वेळ व्हायला अजून अर्धा तास होता.

अब्बांचे शिक्षण मराठी शाळेतले, जुनी मॅट्रिक. इंग्रजी अर्जावरचे नाव-पत्ता वाचता येईल इतकी. आणि उर्दू? आमच्यासारख्या घरांची ही गंमत बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. लोक समजतात, मुसलमान म्हणजे उर्दू. आमच्या घरात बोलणे दखनीत, लिहिणे मराठीत. उर्दू आली ती रेडिओवरून, कव्वाल्यांतून, जुम्म्याच्या बयानातून, सिनेमातून. म्हणजे कानाने आली, डोळ्याने नाही. अब्बा कुरआनची अरबी अक्षरे जोडून वाचतात, पण उर्दू वर्तमानपत्र त्यांना वाचता येत नाही. त्यांची सगळी उर्दू कानात साठवलेली होती, आणि कान गेले तेव्हा ती भाषाही दाराबाहेर राहिली. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आले.

ठरवले की याला मराठी सबटायटल्स करायची. वाटले, दोन रविवारांचे काम. पुढे साडेतीन महिने गेले.

डीव्हीडीवरची सबटायटल्स ही अक्षरे नसतात, चित्रे असतात, हे आधी कळले. प्रत्येक ओळ म्हणजे एक छोटे पारदर्शक चित्र, त्यात चारच रंग, आणि ते कोणत्या क्षणी पडद्यावर यावे याची नोंद. एका तबकडीवर अशी ३२ भाषांपर्यंतची सबटायटल्स बसू शकतात. पण ती चित्रे असल्यामुळे थेट दुरुस्त करता येत नाहीत. आधी ती बाहेर काढायची, मग अक्षरे ओळखणाऱ्या प्रोग्रॅमकडून वाचून घ्यायची. मी 'सबटायटल एडिट' वापरले. फुकट मिळते आणि चांगले आहे. मात्र इंग्रजी कॅपिटल 'आय' आणि स्मॉल 'एल' ही दोन्ही त्याला एकेक उभी रेघ दिसतात. त्यामुळे पडद्यावर जो माणूस 'मी करेन' म्हणत होता, तो कागदावर 'आजारी' झाला. असे आजारी मला पहिल्याच अर्ध्या तासात डझनभर सापडले.

शेवटी हाती येते ती साधी मजकुराची फाइल. ओळीचा क्रमांक, सुरू होण्याची वेळ, संपण्याची वेळ आणि खाली वाक्य. वेळ तास, मिनिटे, सेकंद आणि सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. माझ्या तबकडीत मध्यंतरानंतर सगळ्या ओळी दीड-दोन सेकंद उशिरा येत होत्या. ऐकू येणाऱ्याला हे फक्त खटकते. ऐकू न येणाऱ्याच्या बाबतीत त्यामुळे एकाचे वाक्य दुसऱ्याच्या तोंडी जाते. बाप बोललेला असतो आणि ते वाक्य मुलीच्या चेहऱ्याखाली उमटते. त्या सगळ्या ओळी निवडून मागे ओढल्या. मग सगळा इंग्रजी मजकूर मराठीत केला, त्याची छापील प्रत काढली आणि अब्बांसमोर ठेवली.

अब्बा तालुक्याच्या दिवाणी कोर्टात बेलिफ होते. समन्स बजावणे, जप्ती, घराचा किंवा जमिनीचा ताबा घेऊन देणे यात आयुष्य गेलेले. त्यांनी चष्मा लावला, कागद चाळले आणि खूश झाले. "अरे, हा तर पंचनामा आहे," म्हणाले. "सुरू केला अमुक वाजता, संपला तमुक वाजता." मग शिसपेन्सिल घेऊन बसले.

तिसऱ्या दिवशी कागद परत आले. समासात बारीक, वळणदार अक्षरात शेरे होते. मी लिहिले होते 'घर रिकामे करून द्या'. त्यांनी खोडून 'कब्जा द्या' केले होते. मी 'अभिरक्षक' लिहिले होते. त्यांनी शेजारी लिहिले, 'कस्टोडियन. सगळे हेच म्हणतात. अभिरक्षक वाचेपर्यंत माणूस घराबाहेर'. आणि एका ओळीखाली दोन रेघा मारून प्रश्नचिन्ह केले होते. ती ओळ अशी होती: 'ही निर्वासितांची मालमत्ता ठरली आहे'.

"कोण निर्वासित?" त्यांनी विचारले. "हा तर इथंच आहे. कुठं गेला?"

मी तबकडीवरची इंग्रजी ओळ पुन्हा पाहिली. तिथे 'रेफ्युजी' होते. हवे होते 'इव्हॅक्युई'. इंग्रजीत हे दोन शब्द भावंडांसारखे दिसत असतील, पण या गोष्टीत ते एकमेकांसमोर उभे आहेत. आग्र्यातले सलीम मिर्झा यांची हवेली मोठ्या भावाच्या, हलीमच्या, नावावर आहे. तो पाकिस्तानात निघून जातो. त्यामुळे हवेली 'देश सोडून गेलेल्याची मालमत्ता' ठरते आणि कस्टोडियनकडे जाते. पुढे ती अजमानी नावाच्या सिंधी व्यापाऱ्याला मिळते, जो स्वतः तिकडून सगळे सोडून आलेला आहे. ए. के. हंगल यांनी ती भूमिका फार सभ्यपणे केली आहे. म्हणजे एक गेलेला, एक आलेला, आणि मधे कुठेच न गेलेला सलीम मिर्झा, ज्याचे घर गेले. एका चुकीच्या शब्दाने गेलेला आणि आलेला यांची अदलाबदल केली होती, आणि मधला माणूस गायबच झाला होता. मी ती चूक न बघता मराठीत उतरवली होती. मराठीत तर आणखी पंचाईत, कारण आपण 'निर्वासित' हा शब्द दोघांनाही वापरतो. १९५० चा तो कायदा २००५ साली रद्द झाला. मी मात्र तो शब्द माझ्या फाइलीत चुकीचा ठेवून पुढे निघालो होतो.

शेवटच्या पानावर अब्बांनी एक वाक्य लिहिले होते. ते मी अजून जपून ठेवले आहे: 'सगळे समजले. पण हे लोक असे बोलत नाहीत.'

मी वर गेलो आणि विचारले, म्हणजे काय? त्यांनी दखनीत सांगितले, "तू मतलब लिख्या. मेरे को मतलब नै होना. वो क्या बोल्या वो लिख."

मग लक्षात आले की भाषांतराची त्यांना गरजच नव्हती. शब्द कानावर पडले असते तर ते त्यांना समजले असतेच. त्यांना हवे होते ते कान. मी मराठी भाषांतर बाजूला ठेवले आणि सगळे पहिल्यापासून सुरू केले. हेडफोन लावून एकेक वाक्य ऐकायचे, मागे जायचे, पुन्हा ऐकायचे आणि ती उर्दू जशीच्या तशी देवनागरीत उतरवायची. फक्त अडणारा शब्द आला तर कंसात मराठी.

अडणारे शब्द फारच थोडे निघाले. वकील, दावा, वारस, कब्जा, हुकूम, मालक, कर्ज, जामीन हे सगळे आपल्या तलाठ्याच्या चावडीत आणि कोर्टाच्या आवारात रोज बोलले जाणारे शब्द. अब्बांची नोकरीची भाषा आणि त्या आग्र्याच्या हवेलीची भाषा यांचे निम्मे सामान एकच होते. अडचण आली ती ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांची. 'खाली' म्हणजे आपल्याकडे 'खालच्या बाजूला', तिकडे 'रिकामे'. 'राजीनामा' आपल्याकडे नोकरी सोडण्याचा कागद, उर्दूत दोन पक्षांमधली तडजोड. खुद्द चित्रपटाचे नावच घ्या. मराठीत 'हवा गरम आहे' म्हटले की आपण हवामानाबद्दल बोलतो. उर्दूतली 'हवा' म्हणजे वारा. सुरुवातीला स्टेशनवरून परतताना टांग्यात जी झाडांची आणि वाऱ्याची गोष्ट निघते, तिच्यातला वारा उन्हाळ्यात उत्तरेकडे वाहणारा, उभी झाडे जाळून टाकणारा. तिथे मी कंसात 'झळा' लिहिले. अब्बांनी त्यावर बरोबरची खूण केली.

ऐकता ऐकता या चित्रपटाबद्दल वाचलेली एक गोष्ट आठवत राहिली. पैसे इतके कमी होते की चित्रीकरण आवाजाशिवाय झाले. प्रत्यक्ष जागेवर ध्वनिमुद्रणाची सामग्री नव्हती. सगळे संवाद आणि आवाज नंतर चढवले. हवेली सोडायला तयार नसलेल्या म्हाताऱ्या आईची भूमिका बदर बेगम यांनी केली, पण तिचा आवाज दीना पाठक यांचा. आणि बलराज साहनी यांनी आपले डबिंग पूर्ण केले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १३ एप्रिल १९७३ ला, ते वारले. म्हणजे हा चित्रपट आधी मुकाच होता. त्याला आवाज मागाहून मिळाला. मी त्यावर तिसरा थर चढवत होतो, इतकेच.

अर्धे काम झाल्यावर एक कच्ची प्रत अब्बांना दाखवली. ते बघत होते आणि मी त्यांच्याकडे. स्टेशनवरचे दृश्य आले. या चित्रपटात लोक पुन्हा पुन्हा स्टेशनवर जातात, पुन्हा पुन्हा कोणीतरी गाडीत बसून कायमचे निघून जाते. अब्बांनी हात वर केला. मी थांबवले.

"गाडी सुटताना शिट्टी वाजती का?"

"वाजते."

"मग ती लिहिली नाहीस."

खरेच लिहिली नव्हती. सबटायटल्स बहुधा भाषा न कळणाऱ्यासाठी केलेली असतात, ऐकू न येणाऱ्यासाठी नाही. भाषा न कळणाऱ्याला शिट्टी ऐकू येतेच. म्हणून मग मी पुन्हा सुरुवातीला गेलो आणि कंसात आवाज लिहू लागलो. गाडीची शिट्टी. टांग्याच्या घोड्याच्या टापा. दारावर थाप. फतेहपूर सिक्रीला सलीम चिश्तींच्या दर्ग्यात कव्वाली सुरू.

आणखी एक गोष्ट त्यांनीच शिकवली. मुलीच्या, आमिनाच्या, मृत्यूनंतर सलीम मिर्झा तिच्या खोलीत येतात. बलराज साहनी तिथे काही बोलत नाहीत. त्या न बोलण्याबद्दल आजवर खूप लिहिले गेले आहे. अब्बा मात्र त्या जागी अस्वस्थ झाले. पडद्याच्या खालच्या कडेकडे बघत राहिले. "इधर कुछ बोल्या क्या वो? तू छोड दिया क्या?" बहिऱ्या माणसाला शांतता आणि सुटलेली ओळ यांतला फरक कळत नाही. गेली कित्येक वर्षे आमच्या जेवणाच्या ताटाभोवती त्यांना हाच प्रश्न पडत असणार. मी तिथे कंसात लिहिले, 'काही बोलत नाही'. तेवढ्याने ते शांत झाले आणि पुढे सलीम मिर्झांच्या चेहऱ्याकडे बघू लागले.

आता हे सगळे परत चित्रपटात बसवायचे होते. सोपा मार्ग म्हणजे व्हिडिओच्या फाइलीतच मजकुराचा एक पदर जोडायचा आणि पेनड्राइव्ह टीव्हीला लावायची. तसे माझ्या घरच्या टीव्हीवर करून पाहिले. आधी सगळीकडे प्रश्नचिन्हे आली, कारण फाइल युनिकोडमध्ये जतन केली नव्हती. ते सुधारले तर 'मिर्झा'तली वेलांटी 'म'च्या मागे जाऊन पडली, रफार उतरून रस्त्यावर आला आणि जोडाक्षरे पाय मोडून उभी राहिली. त्या टीव्हीला देवनागरी अक्षरे होती, पण ती जुळवायची कशी हे त्याला माहीत नव्हते.

आणि अब्बांच्या खोलीत पेनड्राइव्हचा प्रश्नच नव्हता. तिथे जुना डबा टीव्ही आणि त्याला डीव्हीडी प्लेअर. तो बदलायला ते तयार नव्हते. मग सुचले की डीव्हीडीची सबटायटल्स चित्रेच असतात. पहिल्या आठवड्यात ज्या गोष्टीला मी शिव्या दिल्या, तीच आता कामाला येणार होती. चित्राची वेलांटी घसरत नाही. सगळा मजकूर मी संगणकावर नीट जुळवून चित्रांमध्ये रूपांतरित केला आणि 'डीव्हीडी स्टायलर' वापरून चित्रपटासोबत नव्या तबकडीवर चढवला. पहिल्या तबकडीत शिरोरेषा लुकलुकत होती. जुना टीव्ही चित्र एकाआड एक रेघांनी काढतो. एकाच रेघेइतकी बारीक आडवी ओळ असली की ती थरथरते. रोमन अक्षरांना हा त्रास कमी, आपल्या प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर मात्र आडवी रेघ. जाड वळणाचा 'मुक्ता' फॉन्ट घेतला, आकार वाढवला. प्रत्येक पूर्ण दोन ओळींना सहा सेकंद देतात असा संकेत आहे. मी जागा मिळेल तिथे सात-आठ दिले. चौथी तबकडी जमली.

कोणी विचारील, हे कायद्यात बसते का? तबकडी विकत घेतलेली, प्रत घरातली, घराबाहेर न गेलेली. शिवाय प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये २०१२ साली एक दुरुस्ती झाली. अपंग व्यक्तीला एखादी कृती वापरता यावी यासाठी तिची सुलभ रूपातली प्रत करायला तिने मुभा दिली आहे. हे मला अब्बांच्याच एका जुन्या वकील मित्राने सांगितले. अब्बांना अर्थातच आधी हे विचारून घ्यायचे होते.

ईदनंतरच्या एका शुक्रवारी रात्री आम्ही सगळे बसलो. अम्मी, माझी बहीण, मुले. टीव्हीचा आवाज मी शून्यावर ठेवला. अब्बांनी सांगितले नव्हते, पण वाटले आज सगळ्यांनी सारखेच बघावे. सुरुवातीला मुले कुजबुजली, मग वाचू लागली.

हवेली सोडायचा दिवस येतो. सामान निघते आणि म्हातारी आई सापडत नाही. ती जळणाच्या अंधाऱ्या खोलीत लपून बसलेली असते. नातू, म्हणजे फारूख शेख, पहिल्याच चित्रपटातला कोवळा फारूख शेख, तिला उचलून बाहेर आणतो.

अब्बांनी रिमोट घेऊन चित्र थांबवले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग कोणाकडेही न बघता सांगू लागले. एका गावात ते कब्जा वॉरंट घेऊन गेले होते. भावाभावांचा दावा. सगळे सामान बाहेर निघाले, पंच उभे, आणि घरची म्हातारी कणगीच्या मागे बसलेली. बाहेर येईना. दोन बायकांनी तिला धरून आणले. तिच्या लुगड्याला ज्वारीचा भुसा लागलेला होता. अब्बांनी अहवाल लिहिला.

"क्या लिखे?" अम्मीने विचारले. मग त्यांना ऐकू आले नसणार हे लक्षात येऊन तिने हाताने लिहिण्याची खूण केली.

"कब्जा शांततेत देण्यात आला," अब्बा मराठीत म्हणाले. "असंच लिहायचं असतं. सगळेच लिहितात."

कोणी काही बोलले नाही. अब्बांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिले, आम्ही बोलतोय की गप्प आहोत ते बघायला. माझ्या बहिणीने मान हलवून सांगितले, कोणी काही बोलत नाही. तेव्हा त्यांनी रिमोट दाबला.

दुसऱ्या दिवशी ती तबकडी त्यांनी माझ्याकडून मागून घेतली. तिच्यावर मार्करने, कोर्टातल्या नकलेवर लिहितात तशा अक्षरात, नाव आणि तारीख घातली आणि खाली लिहिले: 'दुरुस्त प्रत'. ती त्यांच्या कपाटात आहे, कानाच्या यंत्राशेजारी.

त्यानंतर आम्ही आणखी सहा चित्रपट केले. शिसपेन्सिलीचे काम अजून त्यांच्याकडेच आहे. जेवताना मुलांनी एक वही ठेवली आहे. कोणी काही हसण्यासारखे बोलले की त्यात लिहून त्यांच्याकडे सरकवतात. अब्बा आता थोडे उशिरा हसतात, वाचून झाल्यावर.